कादंबरीकाराने पटकथा लिहावी का? विल्यम गोल्डमनचं नाव काढलंत म्हणून जरा सविस्तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे मागून येणाऱ्यांनाही कळेल. तुमची एक कादंबरी आलीय, 340 पानांची, एकाच घरातल्या तीन पिढ्या आणि मधल्या पिढीत सामाईक विहिरीच्या पाण्यावरून चाललेली कोर्टकेस. एका निर्मात्याला त्यातली फक्त ती केस हवीय, तो हक्क मागतोय आणि वर म्हणतोय पटकथा पण तुम्हीच लिहा. तुम्ही बँकेत नोकरीला, दुसरी कादंबरी अर्धी झालेली. आणि अशातच तुम्ही विल्यम गोल्डमनबद्दल वाचलंत, की या अमेरिकन माणसाने पटकथेची 2 ऑस्कर घेतली पण 1986 नंतर त्याची एकही कादंबरी आली नाही, आणि गेला तो थेट 2018 मध्ये. म्हणजे 32 वर्षं. तर सिनेमाने त्याच्यातला कादंबरीकार खाल्ला का, आणि माझाही खाईल का, असं तुम्ही विचारताय.

मी गेली 22 वर्षं पटकथा-संवाद लिहितेय. बहुतेक डेली सोप, चार सिनेमे, त्यातले दोन डब्यात पडून. त्याच्याआधी एक कादंबरी, एकच आवृत्ती. गोल्डमनचं सिनेमाच्या धंद्यावरचं पुस्तक मी पहिल्या सिरियलच्या वेळी फुटपाथवरून घेतलं होतं, कव्हर फाटलेलं, आणि त्यानंतर त्याचं जे मिळेल ते वाचत गेले. तेव्हा हे कुणा समीक्षकाचं उत्तर नाहीये, धंद्यातल्या बाईचं आहे. आणि बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर आहेत हेही आधीच सांगते. ऑफर सिनेमाची आहे का वेब सिरीजची, पैसे टप्प्याटप्प्याने मिळणार का 'रिलीजनंतर बघू', दिग्दर्शक ठरलाय का, तुमच्या घरी बँकेच्या पगाराशिवाय भागतं का, हे काहीच तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे 'हो म्हणा' किंवा 'नाही म्हणा' असं मी सांगणार नाही.

पण मला वाटतं तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. एकाच हाताने दोन्ही लिहिता येतं का, हा पहिला, आणि त्याचं उत्तर सोपंय, येतं, गोल्डमनने वीसेक वर्षं दोन्ही केलं. दुसरा तुम्ही विचारलेला नाही पण खरा तोच आहे: आपण लिहिलेल्यावर शेवटचा शब्द आपला नसणार हे तुम्हाला चालणार का, आणि कुठल्या गोष्टीच्या बाबतीत चालणार. गोल्डमनचं आयुष्य मी या दुसऱ्या प्रश्नासाठी परत परत वाचते.

माणूस 1931 चा. शिकागोजवळ हायलंड पार्कला वाढला. वडिलांचा धंदा दारूपायी बुडाला आणि गोल्डमन 15 वर्षांचा असताना त्यांनी आत्महत्या केली, आई बहिरी. थोरला भाऊ जेम्स, तोही लेखक, 'द लायन इन विंटर' हे नाटक त्याचं, आणि त्याच्या सिनेमासाठी थोरल्याला ऑस्कर मिळालं ते धाकट्याच्या आधी बरोब्बर एक वर्ष. (दोघे भाऊ सलग दोन वर्षं ऑस्कर घेतात, आपल्याकडे असतं तर आत्तापर्यंत त्यावर तीन रिॲलिटी शो झाले असते.) ओबर्लिन कॉलेजात गोल्डमन तिथल्या साहित्यिक मासिकाचा संपादक होता. आपल्या कथा तो निनावी टाकायचा आणि सोबतचे संपादक त्या वाचून हे असलं कचऱ्यात टाका म्हणायचे, तो तिथेच बसलेला असताना. क्रिएटिव्ह रायटिंगच्या वर्गात मार्कही वाईटच. मग सैन्यात गेला, टायपिंग येत होतं म्हणून पेंटागॉनमध्ये बसवला, तिथून सुटल्यावर कोलंबिया विद्यापीठातून 1956 ला एमए.

आणि त्याच उन्हाळ्यात, 25 जूनला, तो लिहायला बसला आणि तीन आठवड्यांच्या आत 'द टेम्पल ऑफ गोल्ड' ही पहिली कादंबरी पुरी केली. तुम्ही विचारलंय की हे कसं शक्य आहे, मला दोन वर्षं लागतात. अहो, त्या तीन आठवड्यांच्या मागे नकार मिळालेल्या कथांची सगळी वर्षं आहेत ती मोजा ना. आणि पुढचं कोणी सांगत नाही, की प्रकाशकाने ती घेतली पण अट घातली की लांबी दुप्पट करा, मग छापू. त्याने केली. 1957 ला आली. म्हणजे पहिल्याच पुस्तकाला तो बाहेरच्या माणसाच्या सांगण्यावरून परत लिहायला बसला, आणि ही सवय त्याला आयुष्यभर उपयोगी पडली. मला कुणी दुप्पट कर म्हटलं असतं तर मी त्या वयात रडत घरी आले असते.

आता तो सिनेमात कसा आला ते बघा, कारण तुमच्या केसशी हे फार जुळतं. 60 च्या दशकाच्या सुरुवातीला तो एका भल्यामोठ्या कादंबरीत अडकला होता, 'बॉइज अँड गर्ल्स टुगेदर'. पुढे सरकेना. तेव्हा बॉस्टनमध्ये बायकांचे गळे दाबून खून होत होते आणि पेपरात एक तर्क आला की खुनी एक नसून दोन असतील. गोल्डमनच्या डोक्यात आलं, दोन असतील आणि त्यातला एक दुसऱ्यावर जळत असेल तर? अडकलेलं हस्तलिखित बाजूला ठेवून त्याने पंधरा दिवसांत एक छोटी थ्रिलर लिहिली, छोटी छोटी प्रकरणं करत, आणि 1964 मध्ये ती टोपणनावाने छापली. टोपणनाव होतं हॅरी लाँगबाव. हे नाव लक्षात ठेवा, पुढे येणारे. ती प्रकरणं इतकी छोटी आणि झपाझप होती की क्लिफ रॉबर्टसन नावाच्या नटाला वाटलं ही सिनेमासाठी लिहिलेली ट्रीटमेंट, म्हणजे पटकथेआधीचा गोष्टीचा आराखडाच आहे. त्याने गोल्डमनला बोलावलं आणि एका कथेवर पटकथा लिहायला सांगितलं.

गोल्डमनने आयुष्यात पटकथा बघितलेली नव्हती. पटकथा दिसते कशी हेच माहीत नाही, म्हणून रात्री दोन वाजता टाइम्स स्क्वेअरच्या रात्रभर चालणाऱ्या पुस्तकाच्या दुकानात जाऊन पटकथेवरचं एक पुस्तक घेऊन आला. उघडून बघतो तर सगळीकडे मोठी अक्षरं, नंबर, कॅमेऱ्याच्या सूचना. हे वाचवतच नाही तर लिहिणार कसं, असं त्याला झालं, आणि तिथूनच त्याची पटकथा वेगळी झाली, वाचायला गोष्टीसारखी. आपल्याकडे नवीन मुलं सॉफ्टवेअर घेतात, मार्जिन बरोबर करतात आणि आतला सीन मेलेला असतो, त्यांना मी हा किस्सा सांगते. बरं, त्या पहिल्या पटकथेचं काय झालं? रॉबर्टसनला आवडली नाही. गोल्डमनला काढलं, दुसरा लेखक घेतला, सिनेमा 'चार्ली' नावाने 1968 ला आला आणि रॉबर्टसनला अभिनयाचं ऑस्कर मिळालं. म्हणजे गोल्डमनची पटकथालेखनाची सुरुवात हकालपट्टीने झालीय. हे तुम्ही लिहून ठेवा, कारण तुमच्या निर्मात्याने 'तुम्हीच लिहा' म्हटलंय, 'शेवटपर्यंत तुम्हीच लिहाल' असं म्हटलेलं नाहीये.

मग 1966 ला 'हार्पर' आला, पॉल न्यूमनचा. त्यातली सुरुवातीची टायटल्स चालू असताना काय दाखवायचं म्हणून नंतर मागून घेतलेला एक तुकडा आहे, आणि मी तो वर्कशॉपमध्ये दरवेळी दाखवते. डिटेक्टिव्ह सकाळी ऑफिसातच उठतो, कॉफी करायला जातो, पावडर संपलीय. कचऱ्याच्या डब्यात कालचा वापरलेला फिल्टर पडलाय. बघतो, थांबतो, उचलतो, त्याचीच कॉफी करतो आणि घोट घेऊन तोंड वाकडं करतो. संपलं. या माणसाची बायको सोबत नाही, पैसा नाही, लाज फारशी नाही आणि तरी तो चालू राहणाराय, हे सगळं एकही शब्द न बोलता कळलं. कादंबरीत आपण हेच दीड पानात सांगतो आणि त्यात मजा असते, त्याच्या मनात शिरता येतं. पटकथेत शिरता येत नाही. तुमच्या कादंबरीत त्या मधल्या काकांच्या मनातली घालमेल 11 पानं आहे असं तुम्ही लिहिलंय. पटकथेत तुमच्याकडे फक्त फिल्टर आहे. काका विहिरीवर काय करतात ते शोधा, काय विचार करतात ते नाही.

आता 'बुच कॅसिडी अँड द सनडान्स किड'. इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण तुमच्या भीतीचं अर्धं उत्तर इथे आहे. गोल्डमन या दोन खऱ्या दरोडेखोरांच्या मागे 50 च्या दशकाच्या शेवटापासून होता, आठ वर्षं अधूनमधून वाचत होता. ते टोपणनाव आठवतंय? सनडान्स किडचं खरं आडनाव लाँगबाव, स्पेलिंगचा थोडा फरक. म्हणजे थ्रिलर लिहितानाही हे भूत डोक्यात होतंच. तोवर त्याच्या नावावर कादंबऱ्या होत्या, बॉइज अँड गर्ल्स तर बेस्टसेलर, मग ही गोष्ट कादंबरी म्हणून का नाही लिहिली? कारण कादंबरी करायची तर त्या काळातले घोडे, बंदुका, खाणंपिणं सगळं खोदून काढावं लागलं असतं आणि त्यात त्याला काडीचा रस नव्हता, घोडे तर त्याला आवडायचेच नाहीत. त्याला आवडलं होतं ते फक्त त्या दोघांचं नातं आणि एक गोष्ट, की पाठलाग सुरू झाल्यावर हे हिरो पळून जातात, थेट बोलिव्हियाला. म्हणून ती पटकथा झाली. प्रिन्स्टनला शिकवायला होता तेव्हा ख्रिसमसच्या सुट्टीत लिहिली. स्टुडिओवाल्यांचं म्हणणं, हिरो पळत नाहीत, जॉन वेन कधी पळाला का? पण पळणं काढलं तर गोष्टच उरत नाही. त्याने ते ठेवलं. शेवटी 1967 ला 4 लाख डॉलरला विकली गेली, तोपर्यंत पटकथेला एवढी किंमत कोणी दिली नव्हती. 1969 ला सिनेमा आला, त्या वर्षी अमेरिकेत सगळ्यात जास्त चालला, आणि गोल्डमनला पहिलं ऑस्कर.

म्हणजे बघा, या माणसाने 'मी आता कादंबरी सोडून सिनेमात जातो' असं केलंच नाही. त्याने प्रत्येक गोष्टीला विचारलं तू कोण आहेस. आणि लगेच चार वर्षांनी त्याने उलटं केलं. दोन मुली होत्या, बाबा गोष्ट लिही म्हणून मागे लागल्या, कशावर लिहू विचारलं तर एक म्हणाली राजकन्या, दुसरी म्हणाली नवरी. 'द प्रिन्सेस ब्राइड', 1973. लिहिताना अडकला, काही प्रसंग सुचले होते पण मधला भाग सुचेना, तेव्हा त्याने एक अफलातून थाप मारली: ही कादंबरी माझी नाहीच, मॉर्गेनस्टर्न नावाच्या जुन्या लेखकाची आहे, लहानपणी वडील वाचून दाखवताना कंटाळवाणा भाग गाळायचे, मी तेवढे चांगले भाग छापतोय. असला कोणी मॉर्गेनस्टर्न नव्हता. त्यात तो स्वतःला एक मुलगाही देतो जो खऱ्यात नव्हता. आता ही गंमत पडद्यावर आणा बघू. ती कागदावरचीच गंमत आहे. सिनेमा झाला तेव्हा त्या थापेच्या जागी आजारी नातवाला गोष्ट वाचून दाखवणारा आजोबा आला, छानच आहे, पण ती वेगळी वस्तू झाली.

आणि तो सिनेमा झाला कधी, तर 1987 मध्ये. 14 वर्षं. स्टुडिओने हक्क घेतले, मग तिथला साहेब बदलला, प्रोजेक्ट थंड पडलं, आणि गोल्डमनने स्वतःच्या खिशातले पैसे घालून आपल्याच पुस्तकाचे हक्क परत विकत घेतले. हे वाचून मला त्या माणसाबद्दल एकदम जवळीक वाटली, कारण माझ्या त्या एकमेव कादंबरीचे हक्क 2009 पासून एका निर्मात्याकडे पडलेत, त्याने सिनेमा केला नाही आणि परतही देत नाही, आणि करारावर मी न वाचता सही केली होती कारण चहासोबत सामोसे आले होते आणि मला वाटलं एवढी चांगली माणसं काय फसवणार. फसवलं असंही नाही, त्यांनी जे लिहिलं होतं तेच केलं.

आता जखमेची गोष्ट. 'ऑल द प्रेसिडेंट्स मेन'. राष्ट्राध्यक्ष निक्सनला खुर्ची सोडायला लावणारं वॉटरगेट प्रकरण बाहेर काढणाऱ्या वुडवर्ड आणि बर्नस्टीन या दोन पत्रकारांचं पुस्तक, बुच कॅसिडीत सनडान्स किड झालेल्या रॉबर्ट रेडफर्डला त्यावर सिनेमा करायचा होता, पटकथा गोल्डमनकडे आली. अडचण अशी की शेवट अख्ख्या जगाला पाठ, नावं शंभर, आणि घटना म्हणजे फोन आणि टाइपरायटर. गोल्डमनने काय केलं, पुस्तकाचा उत्तरार्ध सरळ टाकून दिला. सिनेमा तिथे संपतो जिथे दोघांकडून मोठी चूक झालेली असते आणि निक्सन दुसऱ्यांदा शपथ घेत असतो. हरताना संपवला. कारण पुढे कोण जिंकलं हे प्रेक्षक घरूनच घेऊन आलाय, ते दाखवायला रीळ कशाला घालवायचं. मला विचाराल तर त्याच्या अख्ख्या कामात हा निर्णय सगळ्यात मोठा, संवादबिंवाद नंतर.

पण मध्येच काय झालं, बर्नस्टीन आणि त्याची मैत्रीण, लेखिका नोरा एफ्रन यांनी मिळून आपली स्वतःची एक पटकथा लिहिली आणि रेडफर्डने ती गोल्डमनसमोर ठेवली, बघ यातलं काही घेता येतं का. नटाने, ज्याचं करिअर याच्याच सिनेमाने वर नेलं होतं! गोल्डमनला हा विश्वासघात वाटला आणि तो कधीच विसरला नाही. सिनेमा 1976 ला आला, त्याला दुसरं ऑस्कर मिळालं, आणि तरी पुढे त्याने लिहून ठेवलं की सिनेमातलं आयुष्य परत जगायला मिळालं तर बाकी सगळं तसंच लिहीन पण या एका सिनेमाच्या वाटेला जाणार नाही. ऑस्कर मिळालेल्या सिनेमाच्या! तुमचा दुसरा प्रश्न, तो न विचारलेला, तो हा आहे. तुमची पटकथा चांगली होऊनही तुम्हाला असं वाटू शकतं. चॅनलच्या मीटिंगमध्ये मी लिहिलेला एपिसोड माझ्यासमोर दुसऱ्याच लेखकाच्या हातात दिलाय, तो बिचारा माझ्याकडे बघत नव्हता आणि मी त्याच्याकडे.

आता 1986 वर येऊ. तुमचं म्हणणं सिनेमाने कादंबरीकार खाल्ला. मी एकदा त्याच्या तारखा कागदावर शेजारी शेजारी मांडल्या आणि माझं मत बदललं. सिनेमात त्याचा सगळ्यात जोरात काळ कुठला, 70 चं दशक. त्याच काळात कादंबऱ्या कुठल्या, 1973 प्रिन्सेस ब्राइड, 1974 'मॅरेथॉन मॅन', 1976 'मॅजिक'. म्हणजे सिनेमा भरात असताना त्याच्या सगळ्यात चांगल्या कादंबऱ्या आल्या. आणि मॅरेथॉन मॅन वाचून बघा, पटकथा लिहिलेल्या माणसाचाच हात दिसतो, प्रकरण उशिरा सुरू होतं आणि लवकर सुटतं. सिनेमाने इथे खाल्लं नाही, उलट दिलं. मग 1977 च्या 'अ ब्रिज टू फार' आणि 1978 च्या 'मॅजिक' या सिनेमांनंतर हॉलिवूडने त्याला वाळीत टाकल्यासारखं केलं, 80 च्या दशकाच्या पूर्वार्धात फोनच वाजेना. त्या काळात काय केलं त्याने, कादंबऱ्या! 1982, 83, 84, 85, 86, दरवर्षी एक. खरं सांगायचं तर त्या आधीच्यांच्या तोडीच्या नाहीत, माझं मत. आणि 1987 ला प्रिन्सेस ब्राइड पडद्यावर आला, फोन परत वाजायला लागला आणि कादंबऱ्या थांबल्या.

म्हणून लोक म्हणतात सिनेमाने थांबवल्या. मला तसं वाटत नाही. 1983 ला त्याने 'ॲडव्हेंचर्स इन द स्क्रीन ट्रेड' लिहिलं, तेच ते माझं फुटपाथवालं, आणि 2000 ला त्याचा पुढचा भाग 'व्हिच लाय डिड आय टेल?'. ते वाचताना एक आवाज ऐकू येतो, गप्पिष्ट, स्वतःवर हसणारा, मध्येच थांबून वाचकाला कोपरखळी मारणारा. हा आवाज आपण आधी कुठे ऐकलाय? प्रिन्सेस ब्राइडच्या प्रस्तावनेत, तो खोटा मुलगा आणि खोटा मॉर्गेनस्टर्न सांगणारा गोल्डमन. तोच माणूस. म्हणजे कादंबरीकार मेला नाही, त्याने घर बदललं. तुम्हाला हे पळवाट वाटेल, वाटू दे.

जाता जाता, त्याच 1983 च्या पुस्तकातलं 'कोणालाच काही कळत नाही' हे वाक्य लोक सुप्रभातच्या मेसेजसारखं फिरवतात. तो म्हणत होता की कुठला सिनेमा चालणार हे आधी कोणीच सांगू शकत नाही. पटकथा कशी लिहायची हे कोणालाच कळत नाही असं तो म्हणालेला नाही, उलट त्याच पुस्तकात तो पुन्हा पुन्हा सांगतो की पटकथा म्हणजे रचना. आमचे काही दिग्दर्शक पहिलं वाक्य सोयीने वापरतात आणि दुसरं वाचलेलंच नसतं.

आणि शेवटचा शब्द दुसऱ्याचा असणं दरवेळी वाईटच असतं असंही नाही. 1990 चा 'मिझरी' घ्या. स्टीफन किंगच्या मूळ कादंबरीत एक नर्स एका लेखकाला घरात डांबून ठेवते आणि त्याचा पाय कुऱ्हाडीने तोडते. गोल्डमनने त्या एका सीनसाठी सिनेमा घेतला होता, तो ठेवण्यासाठी भांडला. दिग्दर्शक रॉब रायनरच्या बाजूने ते बदलून हातोड्याने घोटे मोडण्यावर आलं. गोल्डमन चिडला, आणि सिनेमा बघितल्यावर स्वतःच कबूल केलं की ते बरोबर होते, पाय तोडला असता तर प्रेक्षक त्या बाईचा पूर्ण तिरस्कार करून मोकळा झाला असता. पुढे 'ॲब्सोल्युट पॉवर'ला क्लिंट ईस्टवूड म्हणाला माझं पात्र मरता कामा नये, जे मूळ पुस्तकात मध्यावरच मरतं. आता काय करणार? सगळी रचना मोडून परत बांधली. तेव्हा त्याचं वय पासष्टीच्या आसपास होतं.

तर तुमचं. माझ्या पद्धतीने सांगते, पटलं तर घ्या.

निर्मात्याला फक्त विहिरीची केस हवीय म्हणून तुम्हाला वाईट वाटलंय हे तुमच्या लिहिण्यात दिसतं. वाटून घेऊ नका, दोन पिढ्या टाकणं ही तुमच्या कादंबरीवर टीका नाहीये, 340 पानं दोन तासांत बसत नाहीत इतकंच आहे. पण एक चाचणी करा. गोल्डमन रूपांतराच्या वेळी पुस्तक पुन्हा पुन्हा वाचायचा आणि प्रत्येक वेळी वेगळ्या रंगाचं पेन घेऊन खुणा करायचा, जिथे सगळे रंग पडलेत ते सिनेमात येणार, जिथे एकही नाही ते नाही. मी हे कॉपी केलंय, दोन वाचनांमध्ये किमान आठवडा सोडते. तुम्ही तीन रंग घ्या. जर खुणा सगळ्या केसवरच पडल्या तर निर्माता बरोबर आहे आणि तुम्ही लिहू शकता. जर खुणा केस सोडून घरातल्या आजीवर पडत राहिल्या, तर हक्क द्या पण पटकथा दुसऱ्याला लिहू द्या, तुमच्या हातून दर ड्राफ्टमध्ये आजी परत घुसणार आणि दर मीटिंगमध्ये ते तिला बाहेर काढणार.

अर्धी झालेली दुसरी कादंबरी मात्र या माणसाला दाखवू नका. नुसती ऐकवूही नका. त्याने 'यात पण सिनेमा आहे' म्हटलं की पुढची पानं तुम्ही त्याच्यासाठी लिहायला लागाल, मी लागले होते. नोकरी सोडू नका हे वेगळं सांगायला नको. आपल्याकडे कथा, पटकथा, संवाद असं तीन जणांत वाटून टाकतात आणि साइनिंगनंतरचा पैसा कुठल्या ड्राफ्टला अडकेल सांगता येत नाही.

कराराचं. कॉपीराइट कायद्याचं कलम 19 एकदा शांतपणे वाचा. करारात मुदत लिहिली नसेल तर 5 वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतंच, आणि घेतलेले हक्क वर्षभरात वापरले नाहीत तर ते संपतात. पण हे शेवटचं करारात वेगळं काही लिहिलं नसेल तरच, आणि निर्मात्याचा वकील वेगळं लिहितोच, 'कायमस्वरूपी', 'जगभरासाठी', 'वापर न केल्यासही'. हे तीन शब्द शोधा. मुदत आकड्यात लिहून घ्या आणि त्या मुदतीत शूटिंग सुरू झालं नाही तर हक्क काहीही पैसे न देता परत, हे वाक्य घाला. तुम्हाला काढून दुसरा लेखक घेतला तर कथेचं क्रेडिट कसं येणार आणि झालेल्या ड्राफ्टचे पैसे किती, हेही. या सगळ्याला तो चिडला तर चिडू दे, चिडण्यावरूनच बरंच कळेल. सही करायच्या आधी एखाद्या वकिलाला दाखवा, थोडे पैसे जातील.

मसुदा आला की नावं आणि रकमा झाकून इथे टाकलात तरी चालेल, मी बघेन. या आठवड्यात आमच्या सिरियलच्या आधीच तयार करून ठेवलेल्या एपिसोडची बँक संपत आलीय त्यामुळे रिप्लायला रविवार उजाडेल. आणि ती तीन रंगांची पेनं तोवर आणून ठेवा, हिरव्याने सुरुवात करा, लालने केलं की शाळेतल्या वह्या तपासल्यासारखं वाटतं.